आजपर्यंत कुठल्याच पक्षाचा नव्हतो, आता वॉर्डात पद घ्या म्हणतात. काय करू? (सोलापूर मनपा)

युनिफॉर्मवाला_अक्कलकोटरोड

नमस्कार मंडळी. लिहू का नको करत आठ दिवस गेले, शेवटी आज लिहितोय, जरा लांब होईल, सांभाळून घ्या.

वय 38. अक्कलकोट रोडला शाळेच्या युनिफॉर्मचं छोटं युनिट आहे, अकरा मशिनी. आजोबा मिलमध्ये होते, पक्के लाल बावट्याचे. वडील हाताला मत देत आले, धाकटे चुलते शाखेत जायचे. त्यामुळं लहानपणी जेवायला बसलं की ताटाभोवती तीन झेंडे असायचे, आणि तरी घर एकच होतं. मी कुणाचाच झालो नाही. दरवेळी उमेदवार कोण, तो कसा वागतो, मागच्या वेळी काय केलं हे बघायचं आणि मत द्यायचं. 2024 ला जूनमध्ये सोलापूर लोकसभेला काँग्रेस निवडून आली आणि नोव्हेंबरात शहराच्या तिन्ही विधानसभा भाजपकडं गेल्या, तेव्हा माझ्यासारखे बरेच असणार असं मला वाटतं.

आता मूळ गोष्ट. आमच्याकडं पाणी चौथ्या पाचव्या दिवशी येतं हे इथं सगळ्यांना माहीतच आहे. दोन वर्षांपूर्वी ते पण काळं यायला लागलं, पहिला अर्धा तास गटारीचा वास. 2022 च्या मार्चपासून मनपात नगरसेवकच नव्हते, प्रशासक होते, मग तक्रार करायची कुणाकडं? आम्ही चाळीस घरं एकत्र आलो, बाटल्यात पाणी भरून झोन ऑफिसला नेलं, सहा महिने चकरा मारल्या, शेवटी लाइन बदलली. फार मोठं काही केलं नाही पण तेव्हापासून वॉर्डात लोक ओळखायला लागले.

आणि आता निवडणूक तोंडावर आल्यावर एका पक्षाचे लोक घरी आले, वॉर्डाचं पद घ्या म्हणाले, पुढं बघू म्हणाले. चार दिवसांनी दुसऱ्या पक्षाचे आले. दोघांनाही मी विचार करतो म्हणालो. तर गल्लीच्या ग्रुपवर लगेच सुरू, हा तळ्यात मळ्यात करतोय, ह्याला दोन्हीकडचं पाहिजे. ज्या माणसानं माझ्यासोबत बाटल्या उचलल्या त्यानंच हे लिहिलं. रात्रभर झोप नाही लागली.

याच्या आधी पण एकदा असं झालंय. 15 जून 2023 ला विमानसेवेला अडथळा म्हणून सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी पाडली, त्याच्या आधी सगळं शहर दोन गटांत वाटलं गेलं होतं, एक विमानसेवावाले, एक कारखानावाले. मी एवढंच लिहिलं होतं की विमान पाहिजेच, माझ्यासारख्या धंदेवाल्याला तर पाहिजेच, पण हजारो शेतकऱ्यांचा ऊस जिथं जातो त्या कारखान्याची पर्यायी सोय झाल्यावर पाडा. विमानवाल्यांनी मला कारखान्याचा माणूस ठरवलं आणि कारखान्याच्या बाजूच्या नातेवाइकांनी विचारलं, तुला विमान पाहिजेच कशाला. दोन वाक्यं होती माझी, प्रत्येकानं एकच वाचलं.

तर विचारायचं हे की माझ्यासारख्यानं एक पक्ष धरावा का? आणि नाही धरला तर मतदानाचा एक दिवस सोडून माझ्या म्हणण्याला वजन कसं येणार? मला खरंच कळत नाहीये, म्हणून विचारतोय.

---

शेळगीचा_कार्यकर्ता

मालक, तुमचं वाचून बरं वाटलं, बाटल्यात पाणी भरून नेणारी माणसं कमी झालीत.

मी एका पक्षाचं बूथचं काम 15 वर्षं करतोय, कुठल्या ते सांगत नाही कारण मग पुढचं कोण वाचणार नाही. जे बघितलंय ते सांगतो. आमच्याकडं मतदार यादी आली की आम्ही गल्लीत बसून प्रत्येक नावापुढं खूण करतो. आपला, समोरचा, आणि प्रश्नचिन्ह. तुम्ही प्रश्नचिन्हात. प्रश्नचिन्हाच्या घरी आम्ही शेवटच्या दोन रात्री जातो, पाया पडतो, सगळं करतो. पण मधल्या पाच वर्षांत गटार तुंबली, दिवा गेला तर नगरसेवक आधी कुणाचं ऐकतो? आपला म्हणून खूण असलेल्याचं. हे चांगलं आहे असं मी म्हणत नाही, पण असंच आहे.

दुसरं, तिकीट. इच्छुकांचे अर्ज घेतात, मुलाखती होतात, फोटो येतात पेपरला, पण नाव ठरतं ते सात आठ लोकांत आणि एबी फॉर्म, म्हणजे पक्षाचं अधिकृत उमेदवारीचं पत्र, हातात पडतो शेवटच्या दिवशी, कधी कधी शेवटच्या तासात. त्या सात आठ लोकांपर्यंत तुमचं म्हणणं बाहेरून पोचत नाही. आत असलं तर निदान कुणीतरी म्हणतं की त्या वॉर्डात अमुक माणूस आहे, त्याला विचारा, त्याचा ह्या नावाला विरोध आहे.

तिसरं, स्वतः उभं राहायचं मनात असेल तर हिशोब करा. 2011 च्या जनगणनेत शहर साडेनऊ लाखांचं, प्रभाग 26, म्हणजे एका प्रभागात सरासरी 36 हजार लोक, आता जास्तच. जागा 102, बहुतेक प्रभागात चार चार. पक्षाचं चौघांचं पॅनेल एक पत्रक छापतं, एक रिक्षा फिरवतं, चौघं चार दिशांना पळतात. अपक्षाला तेवढ्याच घरांत एकट्यानं जायचं असतं. एका सदस्याचा वॉर्ड असता तर मी तुम्हाला म्हणलो असतो उभे राहा, तुमची चाळीस घरं पुरली असती. चारच्या प्रभागात ती चाळीस घरं दिसत पण नाहीत.

म्हणून म्हणतो, आत या. मत गुप्त आहे, ते तुमचंच राहतं. काम करायला मात्र एक दार लागतं.

---

निवृत्त_गुरुजी_बार्शी

कार्यकर्ते साहेबांनी प्रामाणिकपणे लिहिलंय, त्यांच्याबद्दल आदर ठेवूनच वेगळं मत मांडतो.

मी जिल्हा परिषदेच्या शाळांत 33 वर्षं होतो. नोकरीत असताना कुठल्याही पक्षाचं सभासद होता येत नाही, नियमच आहे. सुरुवातीला ते बंधन वाटायचं, नंतर त्याची किंमत कळली. केंद्राध्यक्ष म्हणून बसायचो तेव्हा सगळ्या पक्षांचे प्रतिनिधी समोर एका बाकावर, आणि कुणालाच माझा संशय नाही. ते सुख मला निवृत्तीनंतर सोडवेना. निवृत्त झाल्यावर तीन पक्षांनी बोलावलं, मी कुठंच गेलो नाही.

कार्यकर्ते साहेब तुम्हाला प्रश्नचिन्ह म्हणाले ना, त्या प्रश्नचिन्हांनीच या जिल्ह्याला जागं ठेवलंय. सोलापूर लोकसभा बघा. 1996 ला भाजप, 1998 आणि 1999 ला काँग्रेस, 2004 ला भाजप, 2009 ला काँग्रेस, 2014 आणि 2019 भाजप, 2024 परत काँग्रेस. 2014 ला तर सुशीलकुमार शिंदे केंद्रीय गृहमंत्री असताना हरले. देशाचा गृहमंत्री ज्या गावात पडू शकतो त्या गावात कुणी खासदार निवांत बसू शकत नाही, आणि हे पक्क्या शिक्क्याच्या मतदारांमुळं होत नाही, ते तर दरवेळी तिथंच असतात. तुमच्यासारखे इकडून तिकडं जातात तेव्हा होतं.

आता दुसरी बाजू पण सांगितली पाहिजे. सांगोल्याचे गणपतराव देशमुख. एकाच मतदारसंघातून 11 वेळा आमदार, आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच शेतकरी कामगार पक्ष. राज्यात त्या पक्षाची ताकद किती उरली होती ते सगळ्यांना माहीत आहे, सत्ता मिळवायची तर कुठंही गेले असते, दारं उघडीच होती. गेले नाहीत. 1972 ला हरले, 1995 ला हरले, परत त्याच पक्षाकडून उभे राहिले. आमच्या सांगोल्याच्या पाहुण्यांच्या घरात लोकसभेला निरनिराळी मतं पडायची आणि विधानसभेला सगळी आबासाहेबांना. त्या घरात शेकापचं सभासद कोणीही नव्हतं. म्हणजे बघा, उमेदवार एका पक्षाचा पक्का आणि त्याला निवडून देणारे निम्मे लोक कुठल्याच पक्षाचे नाहीत. मला हीच जोडी बरी वाटते. लेबल पाहिजे ते उभं राहणाऱ्याला, म्हणजे तो उद्या काय करेल ते कळतं. मत देणाऱ्याला लेबल कशाला?

आणि उभं राहणाऱ्याच्या लेबलाचं तरी आता काय राहिलंय. 2022 ला शिवसेना फुटली, 2023 ला राष्ट्रवादी. फेब्रुवारी 2023 ला धनुष्यबाण एका गटाला, फेब्रुवारी 2024 ला घड्याळ एका गटाला. माझ्या ओळखीचे एक गृहस्थ पक्ष स्थापन झाल्यापासून घड्याळाचे. फुटल्यावर दोन्हीकडून फोन, दोन्हीकडं त्यांचीच माणसं, एकाच्या मुलाच्या लग्नात हे पुढं होते आणि दुसऱ्यानं ह्यांच्या बायकोच्या आजारपणात धावपळ केलेली. दोन महिने माणूस पारावर आला नाही. त्यांनी आयुष्यभर जे नाव लावलं ते कुणाचं ते दुसऱ्यांनी कुठंतरी ठरवलं. हे मला फार लागलं.

अपक्ष आमदारांचं पण तेच. 2019 ला आमच्या बार्शीत अपक्ष निवडून आला, करमाळ्यात अपक्ष निवडून आला. एक भाजपबरोबर गेला, एक राष्ट्रवादीबरोबर. पक्षांतरबंदी कायद्यात, म्हणजे 1985 च्या 52 व्या घटनादुरुस्तीत, अपक्षानं निवडून आल्यावर पक्षात प्रवेश केला तर आमदारकी जाते, म्हणून प्रवेश करत नाहीत, पाठिंबा देतात. नगरसेवकांसाठी राज्याचा वेगळा 1986 चा कायदा आहे. व्हीप, म्हणजे पक्षाचा आदेश, निघाला की पक्षाच्या नगरसेवकाला हात वर करावाच लागतो, पटो ना पटो. मतदाराला अजून कुणी व्हीप काढू शकत नाही. तो मोकळेपणा तुम्ही एका वॉर्डाच्या पदासाठी देऊ नये असं मला मनापासून वाटतं.

---

गावठाण_ते_जुळे

काय बे एवढं लांब लांब लिहूलालाव सगळे, पण वाचलं मी पूर्ण, गुरुजींचं तर दोनदा.

माझं वय 24, मनपाचं माझं हे पहिलंच मतदान, 2017 ला मी शाळेत होतो. माझा साधा प्रश्न आहे. प्रभागात चार जागा म्हणजे मला चार मतं, बरोबर? मग एक पक्ष धरायचा प्रश्नच कुठं येतो, अ मध्ये ह्याला, ब मध्ये त्याला, ज्याचं काम दिसतंय त्याला द्यायचं. आणि चौघंही नको असतील तर नोटा. नोटा जिंकला तर परत निवडणूक होते म्हणे, खरं का? माझे सगळे दोस्त नोटाच दाबणार म्हणलालेत.

---

निवृत्त_गुरुजी_बार्शी

बाळा, खरं आहे पण अर्धं. नोटा आलं 2013 ला, सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर. लोकसभा विधानसभेला नोटाला कितीही मतं पडली तरी उरलेल्यात पुढं असेल तो निवडून येतो. आपल्या राज्य निवडणूक आयोगानं 2018 ला स्थानिक निवडणुकांसाठी आदेश काढला की नोटाला सगळ्यात जास्त मतं पडली तर त्या जागेची फेरनिवडणूक. पण फेरनिवडणुकीतही नोटाच पुढं राहिला तर मग दोन नंबरचा उमेदवार विजयी. म्हणजे एकदा नाही म्हणायची सोय आहे, दुसऱ्यांदा नाही. दोस्तांना म्हणावं, आधी चौघांचे शपथपत्रं वाचा, गुन्हे आणि मालमत्ता त्यात लिहावी लागते. वाचून नोटा दाबला तर माझी काहीच हरकत नाही.

---

शेळगीचा_कार्यकर्ता

आणि चारही मतं द्यायची बरं का. एका जागेला मत दिलं आणि निघाला असं चालत नाही, प्रत्येक जागेला कोणीतरी नाहीतर नोटा, तेव्हा मशिन पूर्ण होतं. 2017 ला आमच्या बूथवर म्हातारी माणसं एक बटण दाबून बाहेर यायची, परत आत पाठवावं लागायचं. चार पक्षांना चार मतं देणारे आहेत, मोजणीला दिसतं ते, एकाच पॅनेलमधल्या चौघांच्या मतांत हजार दीड हजाराचा फरक असतो. पक्षवाले सगळ्यात जास्त त्या फरकाला घाबरतात, हे खरं सांगतो.

---

फिलीतला_सोलापूरकर

मी मूळचा साखर पेठेतला, आता बारा वर्षं अमेरिकेत, फिलाडेल्फियात. इथं नागरिक झाल्यावर मतदार नोंदणीच्या फॉर्मवर पक्ष कोणता असं विचारलं तेव्हा मला धक्काच बसला होता. सरकारी कागदावर मतदाराचा पक्ष! सोलापुरात हे कुणी विचारलं असतं तर भांडण झालं असतं.

मी पहिल्यांदा कुठलाच नाही असं लिहिलं, मोठ्या अभिमानानं. नंतर कळलं त्याचा अर्थ काय होतो. उमेदवार कोण हे पक्षाच्या प्रायमरीत, म्हणजे उमेदवार निवडायच्या आधीच्या मतदानात ठरतं आणि ह्या राज्यात, पेनसिल्व्हेनियात, प्रायमरीत मत फक्त त्या पक्षात नाव असलेल्यांना. फिलाडेल्फियात 1952 पासून महापौर डेमोक्रॅटिक पक्षाचाच होत आलाय, म्हणजे खरी निवडणूक मे महिन्यात होऊन जाते आणि नोव्हेंबरात नुसता शिक्का. मी मे महिन्यात घरी बसलेला. दुसऱ्या वर्षी नाव नोंदवलं, फक्त तेवढ्यासाठी. नोव्हेंबरात मत कुणालाही देता येतं, देतो पण. सगळ्या राज्यांत असं नाही, कॅलिफोर्नियात 2012 पासून राष्ट्राध्यक्षपद सोडून बहुतेक पदांचे सगळे उमेदवार एकाच प्रायमरीत आणि पहिले दोघं पुढं, तिथं शिक्का नसला तरी अडत नाही.

आता दादा, तुमच्या प्रश्नाकडं येतो. कार्यकर्ते दादा म्हणतात आत या म्हणजे तिकिटात बोलता येईल. पण इथं नाव नोंदवल्यावर मला उमेदवार निवडायचं मत मिळालं, हक्कानं, कुणाच्या मेहेरबानीनं नाही. तिथं तुम्ही सभासद झाल्यावर तुम्हाला तसं मत मिळणार आहे का? नसेल तर तुम्ही लेबल देताय आणि बदल्यात काय मिळतंय हे नीट विचारून घ्या. मला तिथली आतली माहिती नाही म्हणून प्रश्नच विचारतोय.

---

शेळगीचा_कार्यकर्ता

नाही मिळत. ह्या मुद्द्यावर मी खोटं बोलणार नाही.

सभासद तर आता मिस्ड कॉलवर पण होता येतंय, एवढ्या सहज मिळणाऱ्या गोष्टीला आत किती किंमत असणार. 2014 ला काँग्रेसनं देशात थोड्या लोकसभा जागांवर पदाधिकाऱ्यांच्या मतानं उमेदवार ठरवायचा प्रयोग केला होता, त्यात आपल्या जवळचं लातूर पण होतं. पुढं काय झालं त्याचं, कुणी नावही काढत नाही. बाकी सगळीकडं वरूनच. मी 15 वर्षं आहे आत, माझ्या प्रभागात कोण उभं राहावं हे मला तीन वेळा विचारलं आणि एकदाच ऐकलं. ते एकदा ऐकलं म्हणून मी अजून आहे. तो माणूस चांगला निघाला, त्याच्या काळात दोन रस्ते झाले आणि दवाखाना रात्री उघडा राहायला लागला. बाहेर राहून मला ते जमलं नसतं. पण मालकांना तसा हक्क मिळेल असा माझ्या लिहिण्याचा अर्थ निघत असेल तर ते चुकलं माझं.

---

कुंभारीची_लेक

मी इथं सहसा लिहीत नाही पण हा धागा वाचून राहवलं नाही.

आमचं घर तेलुगू बोलणारं, आई 40 वर्षं बीड्या वळते, दिवसाला हजार. आम्ही राहतो ते घर बीडी कामगारांच्या गोदूताई परुळेकर वसाहतीतलं. दहा हजार घरं, 2006 मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग येऊन चाव्या दिल्या होत्या. मी तेव्हा शाळेत, आईनं मला खांद्यावर उचलून दाखवलं होतं. आधी आम्ही एका खोलीत सात जण राहायचो, पावसात तंबाखू भिजू नये म्हणून पानं आणि तंबाखू मधे आणि आम्ही कडेला. ते घर युनियनमुळं मिळालं, माकपचे नेते नरसय्या आडम, आमचे आडम मास्तर, त्यांच्या लाल बावट्यामुळं, मोर्चे काढून. त्यामुळं पक्षाचा शिक्का कशाला असं कोणी म्हणलं की मला पहिल्यांदा थोडा राग येतो, खरं सांगते. ज्याच्याकडं अकरा मशिनी आहेत त्याला मोकळं राहता येतं. आईकडं सूप आणि कात्री होती, ती एकटी कुणाच्या दारात गेली असती तर कुणी पाणी पण विचारलं नसतं. तिच्यासाठी झेंडा म्हणजे छप्पर होतं.

पण पुढची गोष्ट पण सांगते. नंतर रे नगरची योजना आली, 30 हजार घरांची, तीच माणसं लढली त्यासाठी. 2019 च्या जानेवारीत पंतप्रधान मोदींनी इथं पायाभरणी केली तेव्हा मास्तर त्यांच्याबद्दल जाहीरपणे चांगलं बोलले. त्यांच्याच पक्षानं त्यांना केंद्रीय समितीतून तीन महिने निलंबित केलं. आई तेव्हा म्हणाली, घर देणाऱ्याला बरं म्हणायचं नाही का? तिला ते फार वाईट वाटलं आणि तरी ती लालच राहिली, आजही आहे. 19 जानेवारी 2024 ला मोदी परत आले आणि पहिली 15 हजार घरं दिली. म्हणजे बघा दादा, मोर्चा लाल बावट्याचा, एक वसाहत काँग्रेसच्या पंतप्रधानाच्या हातून, दुसरी भाजपच्या. जर मास्तर म्हणाले असते की दुसऱ्या पक्षाच्या सरकारकडं जाणारच नाही तर एक पण वीट लागली नसती. आणि जर युनियनच नसती, नुसती एकेकटी स्वतंत्र विचारांची माणसं असती, तरी पण लागली नसती.

म्हणून मला वाटतं तुम्ही चुकीच्या दोन गोष्टींत निवड करताय. पक्ष धरू का एकटा राहू? एकटं राहू नका. पण एकत्र यायला पक्षच लागतो असं कुठंय. चाळीस घरं आहेत ना तुमच्याकडं, ती कागदावर आणा, संघटना करा, पावती पुस्तक ठेवा, महिन्याला बसा. पद घ्यायचं तर तिथलं घ्या.

आणि एक विचारायचं होतं, रागावू नका. तुमच्या सगळ्या पोस्टमध्ये आजोबा, वडील, चुलते, गल्लीतला तो माणूस. बायका कुठंत? पाणी रात्री दोनला आलं तर उठून भरतं कोण? निम्म्या जागा महिलांच्या, आणि घरात मत कुणाला द्यायचं हे सासऱ्यांचा पक्ष ठरवतो. माझ्या सासरी पण ठरवायचे. मी सात वर्षं हो म्हणून आत जाऊन माझं माझं मत दिलंय. स्वतंत्र विचाराचे मतदार शोधताय तर आधी तिथं शोधा, नळावर.

---

गावठाण_ते_जुळे

ताई 🙏 माझी आजी पण बीड्या वळायची. हे घरी वाचून दाखवलं.

---

निवृत्त_गुरुजी_बार्शी

ताईंनी जे लिहिलं त्यापुढं माझं म्हणणं अपुरं होतं हे मान्य करतो. मी मतदाराचा मोकळेपणा म्हणालो, पण मला पगार होता, पेन्शन आहे, मोकळं राहणं मला परवडलं.

एक भर घालतो. महापालिका कायद्यात 2009 च्या दुरुस्तीनं क्षेत्रसभा आल्यात, गावात ग्रामसभा तशी शहरात वस्तीची सभा, तिथले मतदार म्हणजे सभासद, पक्षबिक्ष काही नाही. कागदावर आहे, पण प्रत्यक्षात बसलेली मी बघितली नाही. तुमच्या संघटनेनं उमेदवारांना विचारायचंच असेल तर हे विचारा, क्षेत्रसभा घेणार का, आणि पहिली कधी. उत्तर लेखी घ्या.

---

युनिफॉर्मवाला_अक्कलकोटरोड

सगळ्यांचं तीन तीनदा वाचलं. मधे चार दिवस उत्तर दिलं नाही कारण ताईंचा प्रश्न डोक्यातून जात नव्हता. घरी बायकोला विचारलं, बाटल्या भरून ठेवायची कल्पना कुणाची होती आठवतंय का? ती म्हणाली, माझी आणि समोरच्या काकूंची. मी हे गेल्या दोन वर्षांत कुठंच सांगितलं नव्हतं, आणि झोन ऑफिसला गेलो तेव्हा आम्ही सगळे पुरुषच होतो. त्याबद्दल मला वाईट वाटलं आणि तिला तसं सांगितलं.

दोन्ही पक्षांच्या लोकांना काल फोन करून नको म्हणलो. एकानं चांगलं घेतलं, एकानं फोन ठेवला. कार्यकर्ते दादा, तुमचं म्हणणं मला खोटं वाटलं नाही, उलट पुढं कधी तिकिटाला सभासदांचं मत घेणारा पक्ष निघाला तर मी नाव नोंदवायला पहिला येईन. आज मात्र पद घेतलं तर पाण्याच्या तक्रारीवर सही घेताना समोरचा आधी माझा झेंडा बघणार, आणि चाळीसातली पंधरा घरं तिथंच तुटणार. ती घरं मला पदापेक्षा मोठी वाटतात.

काल रात्री गच्चीवर बसलो, 31 घरं आली, त्यात बायका जास्त होत्या. नोंदणी करायचं ठरलं. अध्यक्ष समोरच्या काकू, मी खजिनदार. ज्यानं तळ्यात मळ्यात लिहिलं होतं तो पण आला, कोपऱ्यात बसला, जाताना सतरंजी त्यानं उचलली. अर्ज मागे घ्यायची तारीख झाली की प्रभागातल्या सगळ्या उमेदवारांना, पक्षाचे असोत का अपक्ष, एकाच संध्याकाळी गल्लीत बोलवायचं. काळं पाणी परत आलं तर किती दिवसांत, टाकीचं वेळापत्रक आदल्या दिवशी कळवणार का, आणि गुरुजींनी सांगितलेली क्षेत्रसभा. तीनच प्रश्न. लाउडस्पीकर नाही, हार नाही.

एक अडचण आहे. यादी बघितली तर आमच्या गल्लीतल्या सहा बायकांची नावंच सापडत नाहीत, लग्न होऊन आलेल्या. त्यांची माहेरच्या यादीत असतील का उडाली असतील, कसं शोधायचं?

---

शेळगीचा_कार्यकर्ता

माहेरच्या नावानं आणि वडिलांच्या नावानं शोधा, नव्वद टक्के तिथंच असतात. मतदान कार्ड असेल तर त्यावरच्या नंबरनं लगेच सापडतं. मनपाची यादी विधानसभेच्या यादीवरूनच करतात, ठरलेल्या तारखेनंतरचं नाव त्यात येत नाही, म्हणून आधी ती तारीख बघा, गेली असेल तर ह्या वेळी जिथं नाव आहे तिथं जाऊन मत द्यायला सांगा आणि पत्ता बदलायचा फॉर्म आजच भरून ठेवा, पुढच्याला उपयोगी पडेल.

रविवारी सकाळी मी मोकळा आहे, यादी घेऊन येतो तुमच्या गल्लीत. पक्षाची टोपी घरी ठेवून येतो. सहा जणींना कार्ड आणि माहेरचा पत्ता घेऊन बसायला सांगा, दहा वाजता.